काळीच्या पोटातली चुनखडी

विहीर पाडणाऱ्या माणसास इतिहास वरून खाली वाचावा लागतो. सेनगाव तालुक्यातील साखरा आणि त्याच्या आसपासच्या शिवारांत ज्यांनी उभ्या जन्मात दहा-वीस विहिरी पाडल्या आहेत त्यांस विचारावे. ते सांगतील : आधी काळी, मग काळीत मिसळलेले पांढरे खडे, मग त्या खड्यांचाच एक घट्ट पट्टा, त्याखाली मुरूम, मांजऱ्या, आणि अखेरीस काळा पाषाण. पाणी लागले तर मांजऱ्यात लागावयाचे. मधला तो पांढरा पट्टा कोणालाच नको असतो. पहार त्यात अडकते, टिकाव उडतो, आणि वर काढलेला ढीग शेतकरी बांधावर टाकून मोकळा होतो. आज आम्ही ज्या विषयावर बोलणार आहोत तो हा बांधावर टाकलेला ढीग होय.

आमचे शाळेतील शिक्षण सातवीपाशी थांबले. पुढचे जे काही झाले ते मजुरांच्या कामावर आणि जिल्ह्याच्या गावच्या वाचनालयात. गेली कित्येक वर्षे विहिरीवरचे, खडीवरचे, पाझर तलावावरचे मजूर संघटित करण्याच्या निमित्ताने आम्ही मराठवाड्यातले खड्डे पाहत आलो आहोत. खड्ड्याच्या काठावर बसून मजुरीचा हिशोब करताना समोरच्या कडेला दिसणारे थर डोळ्यांत भरतात, आणि मग माणूस पुस्तके उघडतो. श्रोत्यांमध्ये भूशास्त्राचे पदवीधर असतील तर त्यांनी आमची भाषा सांभाळून घ्यावी.

प्रथम ही चुनखडी येते कोठून ते पाहू. पुष्कळांची समजूत अशी की, पूर्वी येथे समुद्र होता व त्यातल्या शिंपल्यांचा हा चुना. तसे नाही. चुना आपल्या काळ्या पाषाणातच आहे. शंभर शेर बेसाल्ट घेतला तर त्यात सुमारे दहा शेर चुन्याचा अंश निघतो. पावसाचे पाणी हवेतला आणि त्याहून अधिक म्हणजे मुळांनी जमिनीत सोडलेला कार्बनी वायू शोषून किंचित आंबट होते. हे आंबट पाणी दगडातला चुना विरघळवते आणि घेऊन खाली उतरते. पुढे दिवाळी होते, थंडी जाते, फाल्गुन-चैत्राचे ऊन लागते. पिकांची मुळे पाणी ओढून घेतात, भेगांतून वाफ निघून जाते, वायूही उडतो. चुना मात्र उडत नाही. तो जेथे पाणी सुकले तेथेच बसतो. पहिल्या काही शतकांत तो मुळांच्या वाटेने बुरशीच्या तंतूंसारखा दिसतो. मग ज्वारीच्या दाण्याएवढे खडे होतात, मग लिंबाएवढे. हजारो वर्षे गेली की खड्यांस खडे चिकटून पट्टा होतो. भूशास्त्रज्ञ त्यास कॅल्क्रीट म्हणतात. हे नाव १९०२ साली लॅम्प्लू नावाच्या ब्रिटिश भूशास्त्रज्ञाने दिले. परंतु त्याच्या कितीतरी आधी आपल्या देशातला ‘कंकर’ हा शब्द साहेबांच्या पुस्तकांत जाऊन बसला होता, हेही नमूद करावयास हवे.

आता यातली मौज अशी की, चुनखडीला पाऊस फार चालत नाही आणि पाऊस अजिबात नसलेलाही चालत नाही. हाच काळा पाषाण कोकणात आहे. तेथे वर्षास अडीच-तीन हजार मिलिमीटर आणि त्याहूनही अधिक पाऊस पडतो. तो चुना धुऊन समुद्रास पोचवतो, आणि मागे राहतो तो लोखंडाचा तांबडा जांभा. म्हणून कोकणात घरास चुना हवा तर शिंपले भाजावे लागत. सह्याद्री ओलांडून पूर्वेस यावे तसा पाऊस उतरतो आणि जमिनीत चुनखडी दिसू लागते. हिंगोलीकडे सरासरी आठशे-नऊशे मिलिमीटर पाऊस पडतो, आणि उघड्या पाण्यातून वर्षाकाठी उडून जाणारे पाणी त्याच्या दुपटीहून अधिक भरते. म्हणजे विरघळवण्याइतके पाणी आहे, वाहून नेण्याइतके नाही. जमेपेक्षा खर्च अधिक असलेल्या या कारभारात जी बाकी दरसाल मागे राहते तीच चुनखडी. ज्या भागात ती सापडते तेथे उन्हाळा पावसाळ्यावर मात करीत आला आहे, एवढे खुशाल समजावे.

खऱ्या वाळवंटात ही गोष्ट आणखी स्पष्ट दिसते. राजस्थानात पूर्वी नागौर जिल्ह्यात असलेले डिडवाणा म्हणून गाव आहे, तेथे खाऱ्या पाण्याचे तळे आहे. त्याच्या जवळच्या एका वाळूच्या टेकाडात पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वीरेंद्रनाथ मिश्र, शरद राजगुरू आदी संशोधकांनी १९८० च्या दशकात खोल खड्डा घेतला. अभ्यासकांत तो ‘सोळा-आर’ या नावाने प्रसिद्ध आहे. त्यात वाळू, मग कंकराचा पट्टा, पुन्हा वाळू, पुन्हा कंकर असे थर एकावर एक निघाले, आणि त्यांत आदिमानवाची दगडी हत्यारे. वारा वाळू आणून टाकी तो काळ कडक कोरडा. वाळू थांबली, तीवर गवत-झुडपे धरली आणि कंकर बनू लागला तो काळ थोडा बरा, पाऊस बेताचा पण येणारा. वाळवंटात कंकर हा सुकाळाचा पुरावा ठरतो आणि कोकणात तो सापडला असता तर दुष्काळाचा ठरता. एकच वस्तू कोठे सापडली यावर तिचा अर्थ बदलतो.

महाराष्ट्रात हे वाचन प्रवरेच्या काठी सुरू झाले असे म्हणावयास हरकत नाही. हसमुख सांकलिया यांनी १९५४ ते १९५६ या काळात नेवाशास उत्खनन केले. गावचे पांढरीचे टेकाड खणले ते तर झालेच, पण नदीच्या काठच्या जुन्या गोट्यांच्या थरांतही त्यांचे लक्ष होते. हे गोटे चुन्याने असे सांधले गेले आहेत की हातोड्याशिवाय सुटत नाहीत. त्या सांध्यात अडकलेली अश्मयुगीन हत्यारे त्यांस मिळाली. पुरांनी आणलेले गोटे, त्यांवर माणसाने टाकलेले हत्यार, आणि नंतर पाणी आटत गेल्यावर चुन्याने मारलेली मोहर. शरद राजगुरू यांनी पुढे आयुष्यभर दख्खनच्या नद्यांचे काठ फिरून या मोहरांचा अर्थ लावला. नदी कधी भरून वाहत होती, कधी आपल्याच गाळात रुतली होती, हे सांगण्यास चुनखडी त्यांच्या उपयोगी पडली.

हे झाले जमिनीतल्या चुन्याचे. दुसरा प्रकार पाणथळीतला. आणि त्यासाठी साखऱ्याहून लांब जावे लागत नाही. वायव्येस जिल्ह्याची हद्द ओलांडली की बुलढाणा जिल्ह्यातले लोणार येते. उल्का आदळून झालेले ते विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे, आणि त्याच्या तळाशी खारे तळे. काठावरून गोड पाण्याच्या धारा आत येतात. बाहेर जाण्यास वाट नाही. येणारे पाणी आपल्याबरोबर दगडातले क्षार आणते, ऊन पाणी घेऊन जाते, क्षार राहतात. हिशोब पुन्हा तोच. लोणारच्या खाराची ख्याती जुनी आहे. ‘ऐने अकबरी’त या ठिकाणी काच आणि साबणास लागणारे पदार्थ मिळतात असा उल्लेख आहे. आणि मीठ, चुना, कोळसा यांचा धंदा करणाऱ्या आपल्या लोणारी समाजाच्या नावातही तेच ‘लोण’ आहे.

या तळ्याच्या तळातून भारतीय आणि जर्मन शास्त्रज्ञांनी सुमारे दहा मीटर लांबीची चिखलाची कांडी काढली. तिचा अभ्यास २०१३-१४ च्या सुमारास प्रसिद्ध झाला. चिखलात काही ठिकाणी सोडा व चुना यांच्या संयुगाचे स्फटिक आढळले. तळे फार आटून पाणी अतिशय तीव्र झाले तरच हे स्फटिक धरतात. म्हणजे जेथे स्फटिक तेथे लांबलेला कोरडा काळ. असे दोन काळ निघाले. एक आजपासून ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वीचा, आणि दुसरा २००० ते ६०० वर्षांपूर्वीचा.

हा दुसरा काळ आम्हांस फार विचार करावयास लावतो. सातवाहनांपासून यादवांपर्यंतचा बहुतेक सगळा इतिहास त्यात येतो. शाळेच्या पुस्तकात या काळाचे वर्णन लेणी, देवळे, ताम्रपट आणि राजांच्या लढाया असे असते. त्याच काळात लोणारचे तळे मात्र आटत आणि सावरत होते. लोणारचे दैत्यसूदनाचे देऊळ, आमच्याकडील औंढा नागनाथ, गावोगावच्या दगडी बारवा या त्याच काळातल्या. बारव हा पाण्याची रेलचेल असलेल्या मुलखाचा शोध नव्हे. जेथे पाणी पायऱ्या उतरून शोधावे लागते तेथेच माणूस एवढा दगड घडवतो. राजाचे नाव शिलालेखात राहते. पायऱ्या घडवणाऱ्यांनी कोणत्या साली काय खाल्ले याची नोंद कोणी ठेवली नाही, ती तळ्यातल्या चिखलाने ठेवली. अर्थात चिखल माणसांची नावे सांगत नाही, आणि प्रत्येक देवळास एकेक दुष्काळ जोडून देण्याचा उत्साहही आवरला पाहिजे. शतकानुशतकांचा कल आणि एका वर्षाचा दुष्काळ या वेगळ्या गोष्टी आहेत.

पाणथळीतल्या चुन्याचे याहून कितीतरी जुने दप्तर चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याकडे पिसदुरा आणि डोंगरगाव येथे आहे. तेथील थर सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या सुमाराचे. म्हणजे आपला काळा पाषाण लाव्ह्याच्या रूपाने पसरू लागण्याच्या वेळचे. त्या वेळी तेथे उथळ तळी होती. पावसाळ्यात भरत, उन्हाळ्यात आटत. तळाशी चुन्याचा गाळ बसे, मग तो उघडा पडून तडके, त्यात झुडपे मुळे घालीत, पुन्हा पाणी येई. असा भिजत-वाळत बनलेला दगड तळ्याच्या दगडाहून वेगळा आणि जमिनीच्या चुनखडीहूनही वेगळा असतो. दलदलीचा दगड म्हणा. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पिसदुऱ्याची हाडे गोळा केली. डोंगरगावास १९८० च्या दशकात एका प्रचंड डायनोसॉरचा सांगाडा खणला गेला आणि १९९७ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. आज त्यास इसिसॉरस म्हणतात. पण आम्हांस त्या सांगाड्याहून पिसदुऱ्याचे दगड झालेले शेण अधिक मोलाचे वाटते. २००५ साली त्यात गवताचे सूक्ष्म अवशेष सापडल्याचे जाहीर झाले, आणि त्यापूर्वी गवत इतके जुने असेल असे जगात फारसे कोणी मानीत नव्हते. मग त्या दलदलींवर लाव्हा आला, तो थंड झाला, त्याची माती झाली, आणि त्या मातीत पुन्हा चुनखडी धरू लागली. काळ्या पाषाणाच्या खालीही चुना आणि वरही चुना. मधे फक्त आग.

इतिहास म्हटला की माणूस आला, आणि माणसाचा व चुनखडीचा संबंध भट्टीवर आला. येथेही एक कोडे आहे. यादवकाळची देवळे चुन्यावाचून नुसत्या दगडावर दगड बसवून उभी केली; आणि ती ज्या जमिनीवर उभी आहेत तीत चुनखडी हवी तेवढी. पुढे सुलतानी अमदानीत किल्ले, हौद, मशिदी, गढ्या, वाडे यांच्या निमित्ताने चुन्याचे बांधकाम मुलूखभर रुळले. शेतातून खडे वेचावयाचे, धुऊन घ्यावयाचे, भट्टीत एक थर खड्यांचा व एक थर सरपणाचा असे रचून कित्येक दिवस धगधगत ठेवावयाचे. सुमारे नऊशे अंश तापले की खड्यातला वायू निघून जातो. शुद्ध दगड शंभर शेर घातला तर कळीचा चुना छप्पन शेर हाती येतो. उरलेले चव्वेचाळीस शेर आकाशात. मग तो पाण्यात विरवावयाचा आणि वाळूबरोबर घाणीत मळावयाचा. गोल दगडी चर, त्यात दगडी चाक, त्यास जुंपलेले बैल वा रेडा. जुन्या गढ्यांच्या जवळ असे चर अजून कोठे कोठे पडलेले दिसतात. मुले त्यात खेळतात.

चुनखडीच्या खड्यात माती मिसळलेली असते, म्हणून हा चुना पांढरा शुभ्र होत नाही. भिंत रंगवणाऱ्यास तो खोट वाटेल. पण त्या मातीमुळेच भाजलेला चुना पाण्यातही घट्ट धरतो. नुसत्या शुद्ध चुन्यास ते साधत नाही. गंगेचा कालवा १८५४ साली सुरू झाला तो कंकराच्या चुन्याच्या आधारावर. सिमेंट गावोगाव पोचेपर्यंत बांध, पूल, मोऱ्या यांचे काम याच मळकट चुन्याने निभावले. भट्टीवर काम करणाऱ्या माणसांच्या हातास भेगा पडत, डोळे जात, छातीत खोकला घर करी. कामगारांचे कायदे त्यांच्यापर्यंत पोचण्याच्या आत भट्ट्याच विझल्या, आणि त्यांच्या नावाने कोणते रजिस्टर उरले नाही.

रजिस्टर उरले ते जमिनीचे. १८४७ साली गोल्डस्मिड, विंगेट आणि डेव्हिडसन या तिघा अधिकाऱ्यांनी मुंबई इलाख्याच्या जमीनमोजणीचा संयुक्त अहवाल लिहिला. त्यात जमिनीची प्रत ठरवण्याची रीत दिली आहे. पावणेदोन हात खोल उत्तम काळी ती सोळा आण्यांची. त्याखाली चौदा, बारा अशा पायऱ्या. मग दोष पाहावयाचे : वाळू आहे का, उतार आहे का, पाणी उपळते का, आणि त्यांतलाच एक म्हणजे चुनखडीचे खडे आहेत का. दोष एक लागला की जमीन एक पायरी खाली, सोळा आण्यांची चौदा आण्यांवर. पुढे निजामाच्या राज्यातही मोजणी याच धर्तीवर झाली. शेतकऱ्याच्या दृष्टीने चुनखडी दरिद्री खरी, पण सारा कमी करणारी. प्रतवारी करणाऱ्या कारकुनाने ती पाहिली तर फायदा, न पाहिली तर मारा. त्या काळी बांधावरचा ढीग लपवण्यापेक्षा दाखवण्यात शहाणपण होते.

आमच्या धंद्यात याच्या उलटा अनुभव आला. १९७७ च्या कायद्याने रोजगार हमी आली आणि मजुरी खणलेल्या ब्राशीवर मिळू लागली. माती असेल तर एक दर, कठीण मुरूम असेल तर वरचा दर, खडक असेल तर त्याहून वरचा. चुनखडीचा पट्टा यांपैकी कशात धरावयाचा ? एका कामावर तो सरसकट मातीत धरला गेला, कारण कागदावर त्या शिवाराची जमीन ‘काळी’ होती. एक जोडी दिवसभर राबून मातीच्या ब्राशीच्या निम्मे काम उरकीना, आणि आठवड्याचा पगार हाती आला तेव्हा बायांनी तो तसाच ताडपत्रीवर ठेवून दिला. आम्ही मापे घेणाऱ्यांस खड्ड्यात उतरवले, त्यांच्या हाती पहार दिली, आणि पट्ट्यावर पाच घाव घालावयास सांगितले. तिसऱ्या घावास ते थांबले. त्या खड्ड्याचा दर सुधारून मिळाला. शेजारच्या दोन खड्ड्यांचा मिळाला नाही, कारण ते बुजले होते. बुजलेल्या खड्ड्यातला थर कोणास दाखवता येत नाही. तेव्हापासून आमच्या संघटनेत नियम झाला की पट्टा लागला की त्याच दिवशी खोली, जाडी आणि तारीख वहीत लिहावयाची. वही लिहिणाऱ्यांत निम्म्या स्त्रिया आहेत.

त्या वह्या चाळताना मनात येते की, हे पट्टे केवळ जुन्या काळचे नाहीत. नागपूरच्या राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण संस्थेतील दिलीपकुमार पाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काळ्या जमिनींतल्या खड्यांचा बारकाईने अभ्यास केला. त्यांस दोन जातींचे खडे दिसले. काही जुने, लोह-मँगनीजचा काळा लेप चढलेले, पूर्वीच्या ओल्या हवेतले. काही पांढरे, अगदी अलीकडचे, आजच्या कोरड्या हवेत अजूनही बनणारे. म्हणजे कारखाना चालू आहे. आणि चुना खड्यात बसला की मातीच्या कणांवर त्याची जागा सोडियम घेऊ लागतो. माती चिकट होते, पाणी मुरत नाही, आणि न मुरलेले पाणी पुन्हा वरच सुकते. विदर्भातल्या पूर्णेच्या खोऱ्यात खारपाण पट्टा झाला आहे तेथे ही वाट किती दूर जाते ते पाहावयास मिळते. ज्या जमिनीस आज आपण खोल काळी म्हणून मिरवतो तिच्यातही हे चालू असू शकते.

त्यात आता बोअरचे पाणी आले. खोल खडकातून उपसलेल्या पाण्यात चुना विरघळलेला असतो, आणि तो उन्हाळ्यात पिकाच्या मुळाशीच सोडला जातो. हिंगोली-वसमतची हळद देशभर नावाजलेली. तिच्या पानांवर शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसू लागला की शेतकरी खताच्या दुकानात जातो. लोखंड जमिनीत असते, पण चुन्याच्या सान्निध्यात ते मुळास उचलता येत नाही. सोयाबीनचे, भुईमुगाचे, उसाचे असेच. संत्रा-मोसंबीस तर मोकळा चुना दहा टक्क्यांवर गेलेली जमीन चालतच नाही. शेणखत, हिरवळीचे खत, सोडियम चढला असेल तर जिप्सम, पाण्यास बाहेर पडण्यास चर, हे उपाय कृषी विद्यापीठे सांगतात आणि ते बरोबर आहेत. ते खर्चाचे आहेत, आणि बटाईने जमीन करणारा माणूस दुसऱ्याच्या जमिनीत जिप्सम का टाकील, हा प्रश्न माती-परीक्षणाच्या पत्रिकेत छापलेला नसतो.

परीक्षण करण्यास प्रत्येक वेळी प्रयोगशाळाच लागते असे नाही. बांधावरचा खडा फोडून ताज्या बाजूवर लिंबू पिळावे. बारीक फेस आला तर चुना. वरचा लेप काळा असेल तर तो जुना, आतबाहेर पांढरा आणि बोटास लागणारा असेल तर बहुधा अलीकडचा. नांगराच्या तासात पांढरे खडे दरसाल वाढताना दिसले तर एवढेच समजावे असे नाही की चुना वाढला. काळी माती भिजून फुगते, वाळून भेगाळते, आणि या उलथापालथीत खालचे खडेही वर येतात. दोन्हींतला फरक ओळखण्यास त्याच जागी पाच-सात वर्षे पाहत राहावे लागते. साखऱ्याकडच्या विहिरींचे ढीग अलीकडे ट्रॅक्टरने उचलून शेतरस्त्यांवर टाकले जात आहेत. चाकांखाली ते चांगले दबतात, आणि पहिल्या पावसानंतर रस्ता पांढरा दिसतो.